कुंडी बदलल्यावर गुलाबाची पानं गळतायत? खताआधी मातीचा गोळा तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या गच्चीवर, नर्सरीतून काळ्या पिशवीत आणलेलं लाल फुलांचं गुलाबाचं कलम तुम्ही मे महिन्याच्या सुरुवातीला १४ इंची प्लास्टिकच्या कुंडीत लावलं. माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं निम्मं. आता बारा दिवसांनी खालची पानं पिवळी पडून गळतायत आणि एका फांदीचा शेंडा इंचभर काळा पडलाय. तुम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी घालताय. शेजारचे काका चमचाभर डीएपी खत टाका म्हणतायत, व्हिडिओत कुणी झाडावर प्लास्टिकची पिशवी घालायला सांगितलंय, आणि तुमच्या मनात सगळं उपसून पुन्हा लावायचा विचार आहे.

यातलं आज काहीच करू नका. पानगळ मी फारशी मनावर घेत नाही. मला खटकलं ते दोन वेळचं पाणी आणि निम्मं कोकोपीट, कारण नर्सरीच्या रोपाला या दोन गोष्टी मिळून कशा गोत्यात आणतात ते मी गिऱ्हाइकांच्या कुंड्यांत नेहमी बघते.

आधी पानगळीचं सांगते, म्हणजे जीव भांड्यात पडेल. पिशवी कितीही जपून फाडली तरी बारीक पांढरी मुळं तुटतातच, आणि पाणी ओढायचं बहुतेक काम त्यांच्या टोकांजवळच्या मूलरोमांचं, म्हणजे केसासारख्या बारीक तंतूंचं असतं. जाड तपकिरी मुळं झाडाला धरून ठेवतात, अन्न साठवतात, पण पाणी ओढण्यात त्यांचा वाटा थोडाच. म्हणजे आवक घटली. पानांतून वाफ होऊन जाणारं पाणी मात्र तेवढंच, उलट मे महिन्यात गच्चीवरच्या कोरड्या वाऱ्यात जास्तच. मग झाड पानं टाकतं, आणि आधी खालची जुनी टाकतं, कारण त्यांच्यातलं नत्र (नायट्रोजन) काढून ते वरच्या कोवळ्या पानांना देता येतं. निम्मी पानं गेली तरी फांद्या हिरव्या असतील तर मी त्या झाडाला आजारी म्हणत नाही.

फांदी जिवंत आहे का हे नखाने कळतं. साल अगदी किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर उत्तम. कोरडं तपकिरी दिसलं तर थोडं खाली सरकून पुन्हा बघा. हिरवं कुठे सुरू होतं ते लक्षात ठेवा, पुढे कात्री लावताना लागेल. दुसरी खूण शेंड्याच्या पानांची. दुपारी ती मान टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात, तर मुळं काम करतायत. सकाळीसुद्धा लोंबकळलेली असतील तर मुळांशी काहीतरी बिघडलंय. अशा वेळी माती ओली असेल तर आणखी पाणी घालणं म्हणजे झाडाला मारणंच.

आता मुद्द्याचं. नर्सरीतलं गुलाबाचं कलम बहुतेक वेळा चिकणमातीच्या गोळ्यात येतं. उरळी कांचनच्या पट्ट्यातल्या नर्सऱ्यांत स्थानिक माल असतो तसाच बाहेरून, आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून ट्रकने आलेला मालही असतो. इतक्या लांबच्या प्रवासात मूळ उघडं पडू नये, ओल टिकावी म्हणून मुळांभोवती चिकट माती दाबून बसवलेली असते. वाहतुकीसाठी ती सोय चांगली आहे. तुमच्या कुंडीत मात्र हा गोळा भुसभुशीत, कोकोपीटच्या मिश्रणाच्या मधोमध बसलाय, आणि दोन्हींचा पाण्याशी वागण्याचा ढंग वेगळा आहे.

गोळा एकदा वाळला की आक्रसतो. त्याच्या आणि बाहेरच्या मिश्रणाच्या मध्ये बारीक फट पडते. झारीने घातलेलं पाणी सोपी वाट धरतं, फटीतून खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. तुम्हाला वाटतं कुंडी भिजली. पण वाटाणे नुसते धुतले म्हणून भिजत नाहीत, तसा गोळा आत कोरडा ठणठणीत राहतो. आणि जवळजवळ सगळी मुळं त्या गोळ्यातच आहेत, बाहेरच्या ओल्या मिश्रणात अजून फारशी पोचलेली नाहीत. ओल्या कुंडीत झाड तहानेने मरतं ते असं.

उलटंही होतं. गोळा आधीपासून ओला असेल आणि तुम्ही दिवसातून दोनदा पाणी घालत असाल, तर चिकणमाती ते पाणी धरून ठेवते. बारीक कणांची माती भरड मिश्रणापेक्षा पाणी घट्ट पकडते, बाहेरचा भाग वाळला तरी आतला चिखल वाळत नाही. मुळांना हवा लागते, ती चिखलात मिळत नाही. आधी मूलरोम मरतात, मग सालीसकट मुळं कुजायला लागतात.

गंमत अशी की वरून दोन्ही झाडं जवळजवळ सारखीच दिसतात: पिवळी पानं, मरगळ. कोरड्याची पानं कडेने करपतात, हातात चुरतात. कुजक्याची मऊ राहून पिवळी होतात आणि बोट लागताच गळतात. पण हा फरक दरवेळी इतका स्पष्ट नसतो, त्यामुळे मी पानांवर विसंबत नाही. कोकोपीटच्या रंगावर तर मुळीच नाही. ते वरून फिकट, कोरडं दिसतं आणि दोन इंचांवर पिळून पाणी निघेल इतकं ओलं असतं. तुमचं दोन वेळचं पाणी बहुधा त्या फिकट रंगाला भुलूनच सुरू झालं असणार.

म्हणून गोळ्यातच तपासायचं. खोडापासून दोन बोटं अंतर सोडून एक पातळ बांबूची काडी, कबाबची सळई किंवा उदबत्तीची जळून उरलेली काडी हळूच सरळ खाली घाला, चार-पाच इंच. दहा मिनिटांनी काढा. काडी आत जायलाच तयार नसेल, मोडत असेल, किंवा कोरडी बाहेर आली, तर गोळा कोरडा आहे. तिला चिकट ओली माती लागली आणि वास आंबूस, गटारासारखा आला, तर गोळ्यात पाणी साचतंय. ओलसर आहे पण वास नुसत्या मातीचा आहे, तर सगळं ठीक आहे. मग फक्त पाणी कमी करा आणि झाडाला त्याचं त्याचं सोडून द्या.

कोरडा निघाला तर वरून कितीही पाणी ओतून उपयोग नाही. टबमध्ये किंवा मोठ्या बादलीत कुंडी ठेवा आणि कुंडीच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत पाणी भरा. बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, कुंडी तशीच ठेवा. नंतर काढून विटांवर ठेवून पूर्ण निथळू द्या. कुंडी पाण्यात ठेवण्याआधी गोळ्यात काडीने पाच-सहा ठिकाणी भोकं पाडली तर पाणी आत शिरायला मदत होते. १४ इंची भरलेली कुंडी बुडवणं एकट्याच्याने होत नाही, हे मान्य. मग नळीची धार अगदी बारीक ठेवून खोडाजवळ सोडा. थेंब थेंब, अर्धा-पाऊण तास.

ओला आणि वासाचा निघाला तर पाणी पूर्ण बंद. खालची बशी काढून टाका, कुंडी विटांवर उचला, भोकं खालून काडीने मोकळी करा. प्लास्टिकच्या कुंड्यांची भोकं पुष्कळदा अर्धवटच पाडलेली असतात, ती आत्ता बघून घ्या. वरचं इंचभर मिश्रण खुरप्याने हलकं मोकळं करा. काडी जवळजवळ कोरडी निघेपर्यंत थांबा. मे महिन्यात दोन-चार दिवसांत फरक पडतो, पावसाळ्यात आठवडाही लागेल.

उपसून पुन्हा लावायचं का? माझं मत सरळ आहे: वास येत नसेल तर नाही. बारा दिवसांत जी थोडी नवी मुळं गोळ्याबाहेर डोकावली असतील ती पुन्हा तुटतील आणि झाड पहिल्या दिवसावर येईल. वास येतोय, खोडाच्या तळाशी साल मऊ झालीय, पाणी बंद करूनही झाड खचतंय, अशा वेळी काढायला हरकत नाही. तेव्हा गमवायला फारसं काही उरलेलं नसतं. काढलंत तर गोळा पाण्यात ठेवून माती आपोआप विरघळू द्या, काळी, साल सुटणारी मुळं कापा, आणि लहान कुंडीत लावा. एवढ्या रोपाला १० इंची पुरते. मोठ्या कुंडीत जिथे मुळं नाहीत तिथलं पाणी कोणी पीत नाही, ते नुसतं साचून राहतं.

लावतानाच गोळा फोडायला हवा होता का, असं पुढे विचाराल. हे ऋतूवर अवलंबून आहे. सप्टेंबरच्या शेवटापासून थंडी संपेपर्यंत मी गोळा बादलीत भिजवून बाहेरची चिकणमाती बरीचशी उतरवते. हवा मऊ असते, झाड सावरतं. मे महिन्यात मी गोळ्याला हात लावत नाही. लावलंच पाहिजे असेल तर गोळा आधी नीट भिजवून, न फोडता, थोड्या जड मिश्रणात लावते: लाल माती निम्म्याहून जास्त, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पाव भाग, उरलेल्यात भाताचं तूस किंवा वीटचुरा, थोडी निंबोळी पेंड. गोळा आणि मिश्रण यांच्यात जितका फरक कमी, तितका वरचा त्रास कमी. काळी माती कुंडीत नको, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची लाल माती असतेच, तिला खत भरपूर लागतं एवढंच.

पाणी किती, याचं ठरावीक उत्तर मी देत नाही. सिमेंटच्या तापलेल्या स्लॅबवरची कुंडी आणि झाडाखाली ठेवलेली कुंडी यांची तहान वेगळी. मातीची कुंडी बाजूंनी वाळते, प्लास्टिकची नाही. नियम एवढाच की बोटाचं दुसरं पेर कोरडं लागलं की पाणी, आणि घातलं की खालून वाहीपर्यंत. रोज दोनदा कपभर पाणी म्हणजे वरचा थर कायम ओला आणि खालचं नशिबावर. वेळ सकाळची. बोअरचं जड पाणी असेल तर काही महिन्यांनी कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी दिसायला लागतील. ती लोहाची कमतरता असते, कारण क्षार साठले की मातीतलं लोह मुळांना घेता येत नाही. आत्ताच्या पिवळेपणाशी तिचा संबंध नाही, कारण तुमची खालची जुनी पानं पिवळी झालीयत.

ऊन. गुलाबाला पाच-सहा तास ऊन लागतं हे खरं, पण ते मुळं बसल्यावर. सध्या कुंडी अशा जागी हलवा जिथे सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत कोवळं ऊन आणि नंतर उजेड मिळेल. अंधारी जागा नको. जिन्याखाली ठेवलेलं झाड पानं टाकतच राहतं. नवी फूट दिसली की दर तीन-चार दिवसांनी तासाभराचं ऊन वाढवत न्या. विदर्भात मी म्हणेन की जून उजाडेपर्यंत ५० टक्क्यांची शेडनेट काढूच नका. आणि कुंडी स्लॅबवर टेकवू नका, दोन विटा खाली ठेवा. तापलेल्या फरशीने तळाची मुळं शिजतात, आणि प्लास्टिकच्या काळ्या कुंडीत तर बाजूचीही.

प्लास्टिकची पिशवी घालणं हा उपाय छाट कलमांसाठी, म्हणजे नुसती फांदी कापून लावतात त्यासाठी आहे. त्यांना मुळंच नसतात, म्हणून भोवतालची हवा दमट ठेवावी लागते. तुमच्या झाडाला मुळं आहेत. मे महिन्याच्या उन्हात पिशवीखाली पानं उकडतील, सावलीत ठेवलंत तर बुरशी धरेल.

काकांचं डीएपी. काकांचा हेतू चांगला आहे, आणि डीएपी जुन्या, जोमात असलेल्या गुलाबाला चालतंही. त्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस) असतं, म्हणजे चमचाभर दाणेसुद्धा कुंडीतल्या थोड्या मातीला खूप होतात. विरघळल्यावर मातीतल्या पाण्यात क्षार वाढतात आणि मुळांना त्यातून पाणी ओढणं आणखी जड जातं. आधीच अर्धी मुळं तुटलेली. पानांच्या कडा करपून काळ्या होतात ते त्यामुळेच. पेंडीचं आंबवलेलं पाणी, ताजं शेण, यांचंही तेच. केळीच्या सालीचं, कांद्याच्या टरफलांचं पाणी मारक नाही, पण त्याने मुळंही येत नाहीत, चिलटं आणि मुंग्या मात्र नक्की येतात. अंड्याची टरफलं विरघळायला इतका वेळ घेतात की या झाडाच्या आजच्या दुखण्यात त्यांचा काही उपयोग नाही.

खत कधी, तर झाड सांगेल तेव्हा. खोडावरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, फुगतो, तांबूस कोंब निघतो. तो कोंब वीतभर झाला आणि त्याची पानं तांबूसची हिरवी झाली, म्हणजे खाली मुळं चालू लागली. तिथपर्यंत तीन आठवडे लागतील, कधी पाच. मग मूठभर गांडूळखत कुंडीच्या कडेने, खोडाला न चिकटवता. विद्राव्य खत द्यायचंच असेल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात) एक ग्रॅम एक लिटर पाण्यात, ओल्या मातीवर, पंधरा दिवसांतून एकदा. कोरड्या मातीत खताचं पाणी घालू नका. कोंब आधी आलेला असूनही काही झाडं नंतर सुकतात. तो कोंब फांदीत साठलेल्या अन्नावर निघालेला असतो. म्हणूनच बोटभर कोंबावर मी विश्वास ठेवत नाही, वीतभराची वाट बघते.

काळा शेंडा मात्र आज कापा. हा बहुधा डायबॅक आहे, आपल्याकडे शेंडेमर म्हणतात. जखमेतून किंवा अशक्त फांदीतून बुरशी शिरते आणि वरून खाली सरकते. नखाने खरवडून जिथे हिरवं लागलं होतं, त्याच्याही खाली इंचभर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप घ्या. कापाच्या मधला भाग पांढरट हवा. तपकिरी ठिपका दिसला तर आणखी खाली. कात्री प्रत्येक कापाआधी स्पिरिटने पुसा. कापलेल्या टोकाला कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक पाण्यात दाटसर कालवून बोटाने नाही, काडीने लावा. फवारायचं असेल तर तीन ग्रॅम एक लिटरला. घरात हे नसेल तर स्वच्छ काप आणि कोरडी हवा एवढ्यावरही बरीच झाडं निभावतात. हळद लावतात लोक, लावा, पण काप चुकीच्या जागी असेल तर हळदीने काही होत नाही.

बाकी छाटणी आता नको. हिरवी फांदी हा झाडाचा साठा आहे. खरी छाटणी आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या आसपास. कळ्या असतील तर त्या मात्र खुडा. जीवावर येतं, माहीत आहे, फूल बघूनच तर रोप घेतलं. पण पहिल्या महिन्यातलं फूल म्हणजे मुळांच्या तोंडचा घास. खुडताना कळीसोबत लांब दांडा कापू नका, पानं राहू द्या.

मे महिना आहे म्हणून एक गोष्ट वेगळी तपासा. पानांवर बारीक फिकट ठिपके आहेत, पान मळकट, रांगोळी शिंपडल्यासारखं दिसतंय, आणि उलटून बघितलं तर खाली बारीक जाळी आहे? असेल तर पानगळीत लाल कोळी या पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीचाही हात आहे. कुंडी आडवी धरून पानांच्या खालच्या बाजूला नळीचा जोरदार फवारा द्या, तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. फरक नाही पडला तर संध्याकाळी निंबोळी तेल पाच मिली एक लिटर पाण्यात, थोडा द्रव साबण मिसळून. अशक्त झाडावर भर उन्हात तेल मारू नका, पानं भाजतात.

खोडाच्या तळाशी एक गाठ दिसेल, तिथे खुंटावर, म्हणजे खालच्या जंगली गुलाबावर, कलमी जातीचा डोळा भरलेला असतो. ती मातीत गाडली गेली असेल तर माती बाजूला करून उघडी करा, मातीच्या वर दोन बोटं राहू द्या. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात गाडलेली गाठ कुजते. येत्या महिन्यात गाठीच्या खालून जोमदार, सरळसोट फुटवा आला तर आनंदून जाऊ नका. तो खुंटाचा आहे, तुमच्या लाल गुलाबाचा नाही, आणि वरच्या कलमाचं पाणी तोच पिऊन टाकेल. सात पानांचा म्हणजे जंगली, पाच पानांचा म्हणजे कलमी, ही नर्सरीतली ओळख कित्येकदा फसते. चांगल्या कलमी जातींनाही सात पानं येतात. फुटवा कुठून निघालाय ते माती उकरून बघा, आणि गाठीच्या खालचा असेल तर कात्रीने न कापता मुळापासून खाली ओढून काढा. कापलेला पुन्हा फुटतो.

जूनच्या पावसापर्यंत झाड सावरलं तर त्याला थेट सरींमध्ये ठेवायची घाई करू नका. चिकणमातीचा गोळा आत अजून आहेच. पहिला आठवडा-दोन आठवडे पत्र्याच्या किंवा वळचणीच्या आडोशाला, जिथे ऊन येईल पण धार पडणार नाही अशा जागी ठेवा. पानांवर काठ फाटल्यासारखे काळे गोल डाग दिसले की ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कुंडीत पडू देऊ नका. मुंबई-कोकणात हे डाग जुलैत येतातच. तिथल्या लोकांना मी सांगते की झाडांमध्ये हातभर मोकळी जागा ठेवा आणि पाणी पानांवर न घालता मातीवर घाला.

आज संध्याकाळी काडी घालून बघा आणि काय निघालं ते कळवा. कोरडी की चिकट, वास कसा. सोबत खोडाच्या तळाचा आणि कुंडीच्या खालच्या भोकांचा फोटो टाका. पानांचा नसला तरी चालेल.